सस्पेन्शन सीटपोस्ट कशी निवडावी: मुंबईतल्या नव्या सायकलस्वारांसाठी मार्गदर्शन

सायकलवर बसणे सुसह्य व्हावे म्हणून लोक आधी सीटवर जेलचे कव्हर चढवतात, ते सरकू लागले की दुसरे आणतात, मग सीटच बदलतात. तरीही पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यावरून जाताना माकडहाडापासून मानेपर्यंत बसणारा दणका तसाच राहतो. मऊ सीट बसण्याच्या जागेवरचा दाब वाटून घेते, त्याहून फारसे काही करत नाही. रस्त्यावरचा धक्का चाकातून फ्रेममध्ये आणि फ्रेममधून सीटच्या दांड्यात चढतो, आणि तो शरीरापर्यंत पोहोचण्याआधी जिरवायचा असेल तर वाटेत काही मिलिमीटर खालीवर होणारा एखादा भाग असावा लागतो. सस्पेन्शन सीटपोस्ट हा तो भाग होय. सीट ज्या दांड्यावर बसवलेली असते त्या साध्या, ताठ दांड्याच्या जागी स्प्रिंग, रबरासारखा इलास्टोमर किंवा लवचीक कार्बनची पट्टी असलेला दांडा बसवायचा, एवढाच हा बदल आहे. त्यासाठी नवी सायकल घ्यावी लागत नाही.

मात्र ही वस्तू चपलेसारखी आहे: मापाची असेल तरच सुख देते. दुकानात जाण्यापूर्वी तीन आकडे कागदावर लिहिलेले असावेत. पहिला फ्रेमच्या नळीचा व्यास, दुसरा सीटखाली उपलब्ध असलेली उंची आणि तिसरा स्वतःचे वजन. कंपनी आणि किंमत यांचा विचार त्यानंतर करावा. बहुतेक जण नेमके उलट्या क्रमाने जातात आणि मग घरी आल्यावर लक्षात येते की घेतलेली वस्तू सायकलमध्ये शिरतच नाही, किंवा शिरते पण पाय पेडलपर्यंत पोहोचत नाहीत.

पायरी 1: नेमके काय दुखते ते ठरवा

सीटपोस्ट फक्त सीटमधून येणारा धक्का कमी करते. तळहात बधिर होत असतील तर त्याचा संबंध हँडलची उंची, ग्रिप आणि पुढच्या टायरमधल्या हवेशी आहे. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. बसण्याच्या दोन हाडांवर सतत दाब जाणवत असेल, अगदी मरीन ड्राइव्हच्या गुळगुळीत रस्त्यावरसुद्धा, तर सीटची रुंदी चुकलेली आहे, आणि सीटपोस्टवर केलेला खर्च तिथे वाया जाईल. खड्डा, गतिरोधक किंवा उड्डाणपुलाचा सांधा आला की कंबरेत कळ उठते आणि सपाट रस्त्यावर मात्र काही होत नाही, असे असेल तर पुढे वाचावे. कंबरेचे जुने दुखणे असणाऱ्यांनी अर्थातच आधी डॉक्टरांना विचारावे. दांडा बदलणे हा उपचार नव्हे.

पायरी 2: पैसे खर्च करण्याआधी हवा कमी करून पाहा

टायरच्या कडेवर छापलेला सर्वांत मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, रोज भरायची हवा नव्हे. तरीही आपल्याकडे टायर दगडासारखा टणक झाला की हवा नीट भरली असे मानण्याची पद्धत आहे. 40 मिमी रुंदीचा टायर असलेल्या हायब्रिड सायकलवर साधारण 70 किलो वजनाच्या माणसाला मागच्या चाकात 40 ते 45 पीएसआय हवा पुरते. पुढच्या चाकात त्याहून थोडी कमी चालते, कारण पुढे भार कमी असतो. कडेवर किमान आकडा दिला असेल तर त्याखाली जाऊ नये, नाहीतर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटली जाऊन पंक्चर होते. प्रेशर दाखवणारा साधा उभा पंप घरी असला की हा प्रयोग फुकटात होतो. फ्रेममध्ये जागा असेल तर रुंद टायर घालणे हाही चांगला आणि तुलनेने स्वस्त उपाय आहे, आणि त्याचा फायदा हातांनाही मिळतो. हवा योग्य ठेवूनही दणके बसत असतील तरच सीटपोस्टकडे वळावे.

पायरी 3: व्यास मोजा

मापातल्या बहुतेक चुका या पायरीवर होतात, म्हणून इथे घाई करू नये. सीटपोस्ट फ्रेमच्या उभ्या नळीत घट्ट बसते आणि तिच्या बाहेरच्या व्यासावर सगळे अवलंबून असते. आजच्या सायकलींत 27.2, 30.9 आणि 31.6 मिमी ही मापे सर्वाधिक आढळतात, पण याशिवाय 25.4, 26.8, 28.6, 30.4 अशी बरीच इतर मापेही चालू आहेत. नुसत्या डोळ्यांना 30.9 आणि 31.6 मधला फरक दिसत नाही. हाताला मात्र तो लगेच कळतो, कारण एक दांडा खाली घसरतो आणि दुसरा आत जात नाही.

मोजण्याची पद्धत अशी. आधी सध्याच्या दांड्यावर, फ्रेमच्या काठाशी, चिकटपट्टीचा तुकडा लावून उंचीची खूण करावी. मग दांडा फ्रेममध्ये आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या पान्याने) सैल करून दांडा हलकेच फिरवत पूर्ण बाहेर काढावा. त्याच्या खालच्या भागावर, किमान किती आत असावा हे दाखवणाऱ्या रेषेच्या आसपास, व्यासाचा आकडा बहुधा कोरलेला किंवा छापलेला असतो. तो घासून गेला असेल तर व्हर्नियर कॅलिपरने मोजावे. ते घरी नसले तरी चांगल्या मेकॅनिककडे असते. माप फ्रेमच्या आत राहिलेल्या भागाचे घ्यावे आणि दोन-तीन ठिकाणी घ्यावे. शिवणकामाच्या टेपने किंवा पट्टीने हे माप घेता येत नाही, कारण इथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा प्रश्न असतो.

समुद्राजवळ राहणाऱ्यांना इथे एक अडचण येऊ शकते. फ्रेम लोखंडी आणि दांडा ॲल्युमिनियमचा असेल, आणि सायकल दोन-तीन पावसाळे इमारतीच्या खाली उघड्यावर उभी असेल, तर खाऱ्या दमट हवेत दोन्ही धातूंच्या मध्ये गंज साचून दांडा फ्रेममध्ये अडकतो. क्लॅम्पच्या वरच्या काठावर पांढरट, खडूच्या भुकटीसारखा थर दिसला तर ही त्याची खूण समजावी. अशा वेळी हातोडीने ठोकू नये. गंज सोडवणारे तेल काठावर सोडून रात्रभर ठेवावे, दुसऱ्या दिवशी सीट दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे पिळावी, गरज पडल्यास तेच पुन्हा करावे. तरीही हलला नाही तर नवी सीटपोस्ट मागवण्याआधी मेकॅनिककडून दांडा काढून घ्यावा, कारण तो काढतानाच फ्रेम खराब झाली तर नव्याचा उपयोग राहत नाही.

फ्रेमची नळी रुंद आणि हवी ती सीटपोस्ट बारीक असेल तर मध्ये शिम घालता येतो. शिम म्हणजे ॲल्युमिनियमची पातळ, एका बाजूने चिरलेली बाही. 31.6 च्या नळीत 27.2 ची सीटपोस्ट योग्य शिम लावून सुरक्षितपणे बसते, त्यामुळे चांगल्या सीटपोस्टचा पर्याय केवळ व्यास वेगळा म्हणून सोडू नये. उलट दिशेने मात्र कोणताही मार्ग नाही. रुंद दांडा कानशीने घासून बारीक करणे किंवा पत्र्याच्या डब्याचा तुकडा कापून शिम म्हणून घालणे, हे दोन्ही प्रकार मी दुकानांत होताना पाहिले आहेत आणि दोन्ही धोक्याचे आहेत. “अहो साहेब, बसेल की, जरा ठोकून देतो,” असे कोणी म्हणाले तर नम्रपणे सायकल परत घ्यावी.

काही फ्रेममध्ये दांडा गोल नसून इंग्रजी डी अक्षरासारखा किंवा चपटा असतो. वेगासाठी बनवलेल्या काही रोड बाइकमध्ये हे दिसते. तिथे बाजारातली सस्पेन्शन सीटपोस्ट बसत नाही.

पायरी 4: उंची मोजा

आता दांडा पुन्हा जुन्या खुणेवर बसवा आणि फ्रेमच्या काठापासून सीटखालच्या दोन सळ्यांच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. नव्या सीटपोस्टचा हलणारा भाग एवढ्या जागेत मावला पाहिजे. साधा दांडा फ्रेममध्ये हवा तितका खाली सरकवता येतो, पण सस्पेन्शनचा सांगाडा नळीत शिरत नाही, तो बाहेरच राहतो. त्यामुळे प्रत्येक सीटपोस्टला स्वतःची अशी किमान उंची लागते आणि उत्पादक ती तपशिलात देतो. सांध्यांच्या प्रकारातल्या (प्रकार पायरी 5 मध्ये पाहा) आखूड सीटपोस्टना साधारण 10 सेंटिमीटरच्या आसपास जागा लागते आणि लांब हालचालीच्या सीटपोस्टना त्याहून बरीच जास्त.

उंचीने कमी असलेल्या लोकांना आणि फ्रेम गरजेपेक्षा मोठी घेतलेल्यांना हा आकडा अडचणीत आणतो. दुकानात “मुलगा वाढेल” म्हणून मोठ्या मापाची सायकल घेतली जाते आणि सीट जवळजवळ फ्रेमला टेकलेली असते, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. उपलब्ध जागा 7–8 सेंटिमीटरच असेल तर सांध्यांची सीटपोस्ट विसरावी आणि स्प्रिंगच्या सीटचा विचार करावा. हा पर्याय अजिबात कमी दर्जाचा नाही. डबेवाल्यांच्या आणि दूधवाल्यांच्या काळ्या सायकलींवर सीटखाली ज्या दोन जाड स्प्रिंगा असतात त्या याच कामासाठी, आणि त्या ओझ्यासकट टिकतात.

याच वेळी मागे चाकाकडेही पाहावे. सीट पूर्ण दबल्यावर तिची मागची कड किंवा खाली लटकवलेली पिशवी टायरला, मडगार्डला अथवा कॅरियरवरच्या सामानाला टेकता कामा नये. लहान मुलाची खुर्ची सीटपोस्टवर अडकवणारी असेल तर बहुतेक उत्पादक सस्पेन्शन सीटपोस्टवर ती लावण्यास मनाई करतात. कॅरियरवर किंवा फ्रेमवर बसणारी खुर्ची घ्यावी.

पायरी 5: प्रकार निवडा

बाजारात तीन प्रकार आहेत आणि त्यांच्यातला फरक समजला की अर्धे काम झाले.

पहिला प्रकार दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकात एक सरकणारा. बाहेरच्या नळीत स्प्रिंग किंवा इलास्टोमर असतो आणि वरची नळी त्यावर दबते. हा सर्वांत स्वस्त आणि सहज मिळणारा प्रकार आहे. अनेक आरामदायी हायब्रिड आणि शहरी सायकलींवर तो आधीच बसवलेला असतो. त्याची मर्यादा त्याच्या दिशेत आहे. फ्रेमची नळी सरळ उभी नसते, ती जमिनीशी सुमारे 73 अंशांचा कोन करून मागे झुकलेली असते, आणि आपले वजन मात्र सरळ खाली पडते. त्यामुळे वजनाचा काही भाग नळीला सरकवण्याऐवजी वाकवतो, आतल्या बुशवर (दोन नळ्यांमधल्या झिजणाऱ्या बाहीवर) घर्षण वाढते आणि छोटे-छोटे धक्के नळी हलण्याआधीच शरीरापर्यंत पोहोचतात. मोठा खड्डा आला की ती दबते, पण पेव्हर ब्लॉकची सततची थरथर तशीच राहते. शिवाय दबताना सीट थेट पेडलच्या दिशेने खाली येते, म्हणून पायाचे अंतर प्रत्येक धक्क्याला बदलते. काही महिन्यांनी बुश झिजले की सीट डावी-उजवीकडे किंचित फिरू लागते. रोज तीन-चार किलोमीटर स्टेशनपर्यंत जाणाऱ्याला हा प्रकार पुरेसा ठरू शकतो; रविवारी पहाटे लांब जाणाऱ्याला तो पुरत नाही.

दुसरा प्रकार सांध्यांचा. यात वर आणि खाली दोन भाग चार टोकांच्या जोडदांड्यांनी जोडलेले असतात, आणि सीट दबताना खाली आणि मागे अशा चापाच्या आकारात सरकते. मागच्या चाकाला खड्डा लागल्यावर धक्का साधारण याच दिशेने येत असल्यामुळे घर्षण कमी होते, सीट लहान धक्क्यांनाही प्रतिसाद देते आणि पेडलपासूनचे अंतर फारसे बदलत नाही. केन क्रीक कंपनीची थडबस्टर ही या प्रकारातली जुनी आणि सर्वपरिचित सीटपोस्ट. तिच्या सध्याच्या आखूड आवृत्तीत 50 मिमी आणि लांब आवृत्तीत 90 मिमी हालचाल मिळते. रेडशिफ्टची शॉकस्टॉप 35 मिमी हलते, कायनेक्टचीही तेवढीच, आणि केन क्रीकचीच ईईसिल्क फक्त 20 मिमी. सनटूरची एनसीएक्स या वर्गात वजनाने जड पण तुलनेने परवडणारी आहे आणि सुमारे 50 मिमी दबते. यातल्या बऱ्याच सीटपोस्ट परदेशातून मागवाव्या लागतात, त्यामुळे छापील किमतीत वाहतूक आणि सीमाशुल्क मिळवूनच हिशोब करावा; अखेरचा आकडा एखाद्या साध्या हायब्रिड सायकलच्या किमतीच्या घरात जाऊ शकतो.

तिसरा प्रकार कोणताही सांधा नसलेला. कार्बनचा दांडाच असा घडवलेला असतो की तो मागे वाकतो. एर्गॉन आणि कॅन्यन या कंपन्यांच्या सीटपोस्टमध्ये उभ्या चिरलेल्या दोन कार्बन पट्ट्या एकमेकींशेजारी असतात. वजन अगदी कमी, वंगणाची गरज नाही, गंजण्यासारखे काही नाही. मात्र दांड्याचा जितका भाग फ्रेमबाहेर असेल तितकाच तो वाकतो, त्यामुळे आखूड उंचीवर परिणाम जवळजवळ शून्य होतो, आणि मोठ्या खड्ड्यासमोर तो दुबळाच ठरतो.

माझे मत स्पष्ट आहे. मुंबईत काँक्रीटचे रस्ते, त्यांच्या कडेचे पेव्हर ब्लॉक, गटारांची झाकणे आणि उड्डाणपुलांचे सांधे असा सगळा मारा असतो. यात एक मोठा धक्का क्वचित आणि छोटे धक्के अखंड येतात. अशा ठिकाणी 90 मिमी हालचालीची गरज नाही. 30 ते 50 मिमीच्या दरम्यान, नीट जुळवलेली सांध्यांची सीटपोस्ट बहुतेकांना पुरून उरते. तेवढे पैसे नसतील तर स्वस्तातली सरकती सीटपोस्ट घेण्यापेक्षा रुंद टायर घेणे मी पसंत करेन. आरेच्या आतल्या रस्त्यांवर किंवा मांडव्याला उतरून अलिबागकडे आडवाटेने जाणाऱ्यांनी 50 मिमीकडे झुकावे. खाली वाकून वेगाने रोड बाइक चालवणाऱ्यांना 20 मिमी किंवा कार्बनचा दांडा बरा, कारण त्यांचे बरेचसे वजन हातांवर आणि पायांवर असते.

पायरी 6: वजनानुसार स्प्रिंग किंवा इलास्टोमर

प्रत्येक सस्पेन्शन सीटपोस्ट विशिष्ट वजनासाठी बनवलेली असते. 55 किलोच्या व्यक्तीने 90 किलोसाठीची स्प्रिंग लावली तर ती सीटपोस्ट साध्या दांड्याइतकीच कडक वागेल, आणि उलट केले तर ती प्रत्येक पेडलला नाचेल व खड्ड्यात तळाला आपटेल. म्हणून घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात: उत्पादकाने सांगितलेली कमाल वजनमर्यादा आणि वेगवेगळ्या कडकपणाच्या स्प्रिंगा किंवा इलास्टोमर सुटे मिळतात का. खोक्यात एकच स्प्रिंग असेल तर ती कोणत्या वजनासाठी आहे हे लिहिलेले असावे. वजन पाहताना कपडे, बूट आणि पाठीवरची ऑफिसची बॅग धरावी. लॅपटॉप, डबा आणि पाण्याची बाटली मिळून पाच-सहा किलो सहज होतात. बसण्याची ढबही महत्त्वाची आहे. उंच हँडलच्या सायकलवर ताठ बसणाऱ्याचा जवळजवळ सगळा भार सीटवर येतो, म्हणून दोन पर्यायांच्या सीमेवर असाल तर ताठ बसणाऱ्यांनी कडक आणि वाकून बसणाऱ्यांनी मऊ पर्याय निवडावा.

इलास्टोमर थंडीत कडक होतात ही तक्रार परदेशी लिखाणात वारंवार भेटते. आपल्या हवेत तिची चिंता नको.

पायरी 7: विकत घेताना

सीट हातात घट्ट धरून डावी-उजवीकडे पिळून पाहावी. किंचित हालचाल स्वस्त सीटपोस्टमध्ये नवीन असतानाही असते, पण खटखट आवाज आला तर ती घेऊ नये. तुमच्या सीटच्या सळ्या गोल आणि 7 मिमीच्या आहेत का ते पाहावे. कार्बनच्या सळ्या अंडाकृती असतात आणि त्यांना सगळ्या सीटपोस्टचे क्लॅम्प धरत नाहीत. सुटे भाग, विशेषतः बुश आणि इलास्टोमर, वर्षभराने कुठून मिळतील हे आजच विचारावे. वजनाचा बाऊ करू नये: साधा ॲल्युमिनियमचा दांडा 300 ग्रॅमच्या आसपास असतो आणि सस्पेन्शनची सीटपोस्ट पाऊण किलोपर्यंत जाते, पण शहरात फिरताना हा फरक जाणवत नाही. इमारतीच्या जिन्यावरून रोज सायकल उचलून नेणाऱ्यांना तो जाणवेल.

पायरी 8: बसवणे आणि जुळवणे

जुना दांडा काढण्यापूर्वी पेडलच्या दांड्या ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर नळीच्या रेषेत मोजून लिहून ठेवावे. सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचे अंतरही लिहावे. हे दोन आकडे नसतील तर नव्या सीटपोस्टवर आपण पूर्वी कसे बसत होतो हे शोधण्यातच आठवडे जातात.

फ्रेम आणि दांडा दोन्ही धातूचे असतील तर दांड्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवावा. यामुळे तो पुढे गंजून अडकत नाही. दोघांपैकी एकही कार्बनचा असेल तर ग्रीसऐवजी कार्बनसाठीची खास पेस्ट लावावी. किमान आत असण्याची रेषा फ्रेमच्या आत पूर्ण लपली पाहिजे, यात तडजोड नाही. बोल्ट क्लॅम्पवर लिहिलेल्या न्यूटन-मीटरइतकेच आवळावेत. टॉर्क पाना नसेल तर मेकॅनिककडून एकदा आवळून घ्यावेत.

यानंतरचा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग सीटपोस्टला दोष देतात. सायकलवर नुसते बसल्यावर सीट थोडी दबायला हवी; एकूण हालचालीच्या 15 ते 20 टक्के हे चांगले प्रमाण आहे. 35 मिमीच्या सीटपोस्टसाठी म्हणजे 5 ते 7 मिमी आणि 50 मिमीच्या सीटपोस्टसाठी 7.5 ते 10 मिमी. भिंतीला खांदा टेकवून, नेहमीची बॅग पाठीवर घेऊन, पाय पेडलवर ठेवून बसावे आणि घरातल्या कोणाला तरी सीटच्या सळीपासून फ्रेमच्या काठापर्यंतचे अंतर बसण्याआधी आणि बसल्यावर मोजायला सांगावे. सरकत्या प्रकारात वरच्या नळीला एक रबर बँड गुंडाळून खाली सरकवला की उतरल्यावर खूण आपोआप दिसते. जास्त दबत असेल तर प्रीलोडचा, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा ताण कमी-जास्त करणारा, बोल्ट आवळावा, कमी दबत असेल तर सैल करावा. सरकत्या सीटपोस्टमध्ये हा बोल्ट दांड्याच्या तळाशी असतो, त्यामुळे प्रत्येक वेळी दांडा बाहेर काढावा लागतो, आणि सैल करताना तो नळीच्या काठाबाहेर डोकावू नये याची काळजी घ्यावी. बोल्ट टोकाला पोहोचूनही प्रमाण जमत नसेल तर स्प्रिंगच बदलायची वेळ आली आहे.

जितकी सीट दबते तितकी ती रिकामी असताना वर ठेवायची. जुनी उंची 72 सेंटिमीटर असेल आणि सीट 8 मिमी दबत असेल तर नव्या सीटपोस्टवर रिकामी उंची 72.8 ठेवावी, म्हणजे बसल्यावर पाय पूर्वीसारखेच लांब होतात. सांध्यांच्या प्रकारात सीट मागेही सरकते, तेव्हा ती सळ्यांवर काही मिलिमीटर पुढे घ्यावी लागू शकते. सीटचा उतार मात्र वजन पडलेल्या स्थितीत पाहावा. रिकाम्या सीटवर पातळी लावून काढलेला निष्कर्ष बसल्यावर टिकत नाही.

पहिली फेरी घराजवळच, पाना खिशात घेऊन करावी. एक पेव्हर ब्लॉकचा पट्टा, एक गतिरोधक आणि एक सपाट रस्ता एवढे पुरे. सपाट रस्त्यावर वेगाने पेडल मारताना शरीर वरखाली उसळत असेल तर प्रीलोड वाढवावा. गतिरोधकावर ठक् असा आवाज येऊन सीट तळाला लागत असेल तरीही तेच. पेव्हर ब्लॉकवर काहीच फरक जाणवत नसेल तर कमी करावा. एका वेळी अर्धा फेरा, त्याहून जास्त नको. मोठा खड्डा समोर दिसल्यावर पेडलवर थोडे उभे राहण्याची सवय मात्र सोडू नये. सीटपोस्ट अचानक आलेल्या धक्क्यासाठी आहे.

पायरी 9: पावसाळा आणि खारी हवा

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मागचे चाक रस्त्यावरचे गढूळ पाणी आणि बारीक वाळू थेट सीटपोस्टच्या सांध्यांवर फेकते. पूर्ण लांबीचे मडगार्ड हा यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. काही कंपन्या सांध्यांवर चढवायचे कापडी कव्हर देतात. सरकत्या सीटपोस्टसाठी जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा बाहीसारखा चढवण्याची युक्ती आपले मेकॅनिक पूर्वीपासून वापरतात आणि ती उत्तम चालते, फक्त महिन्यातून एकदा ती सरकवून आत साचलेली ओल पुसावी, नाहीतर झाकल्यामुळेच गंज लवकर चढतो. धुताना साध्या पाण्याची बादली आणि फडके वापरावे. मोटारसायकल धुण्याचा जोराच्या पाण्याचा पाइप सांध्यांवर धरला तर वंगण निघून जाते आणि वाळू आत शिरते. जोराच्या पावसातून आल्यावर सीटपोस्ट काढून सायकल उलटी करून ठेवल्यास फ्रेममध्ये साचलेले पाणी निघते. त्यासाठी आधी लावलेल्या चिकटपट्टीच्या खुणेचा उपयोग होतो.

मागचा लाल दिवा बहुतेक जण सीटपोस्टवर लावतात. सांध्यांच्या सीटपोस्टवर त्याला जागा उरत नाही, तेव्हा तो कॅरियरवर किंवा फ्रेमच्या मागच्या दांडीवर हलवावा. सीटखालच्या पिशवीचा पट्टाही हलणाऱ्या भागाभोवती गुंडाळू नये. स्टेशनबाहेर सायकल लावणाऱ्यांनी हाताने उघडणारा क्लॅम्प काढून ॲलन कीचा बोल्ट बसवावा; महागडी सीटपोस्ट सीटसकट उचलून नेणे चोराला अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

दर काही महिन्यांनी सीट पिळून ढिलेपणा तपासावा, सांध्यांचे बोल्ट पाहावेत आणि इलास्टोमर बाहेर काढून त्यावर भेगा आहेत का ते बघावे. पूर्वी 8 मिमी दबणारी सीट आता त्याच प्रीलोडवर 12 मिमी दबत असेल तर इलास्टोमर थकून दबला आहे, तो बदलावा. सांध्यांतून करकर आवाज येऊ लागला तर आधी सीटच्या सळ्या आणि क्लॅम्प पुसून, थोडे ग्रीस लावून पाहावे. आवाज बऱ्याचदा तिथला असतो आणि नाहक सगळी सीटपोस्ट खोलली जाते. जुना साधा दांडा भंगारात देऊ नये. ऐन जुलैत एखादा बुश फुटला आणि सुटा भाग यायला दोन आठवडे लागले, तर सायकल तोपर्यंत त्याच दांड्यावर चालेल.